फुलामावशीची फुंकर

दुपारी वॉर्डात जेवणाचे डबे उघडले, तेव्हा सहापैकी चार जणांच्या डोक्यावर बरण्या होत्या. कंपनीने दिलेलं नाव श्वासटोप. बरणी हे नाव गावाचं, आणि तेच बरोबर. गळ्याशी मऊ रबरी पट्टा, वर गोल पारदर्शक टोप, आत दाबाने सोडलेला प्राणवायू. घशात नळी नाही, भूल नाही, अतिदक्षता विभाग नाही. तालुक्याचा हा साधा वॉर्ड, पंखासुद्धा कुरकुरणारा. गेल्या सालापर्यंत इथे न्यूमोनिया वाढला की माणसाला एकशे दहा किलोमीटरवर जिल्ह्याला पाठवायचे. कितीतरी जण वाटेतच संपले. त्याला कुणी खून म्हटलं नाही. रेफर म्हणायचे.

तिसऱ्या खाटेवर फुलाबाई खरात. वय एकसष्ट, पस्तीस वर्षं गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी. तापात बरळत होती. अचानक तिच्या टोपाचा दिवा लाल झाला. टोप माणसाचा श्वास वाचतो आणि त्या बेताने हवा ढकलतो. फुलाबाईचा श्वास त्याला वाचता येईना. पडद्यावर अक्षरं उमटली: श्वासमार्गात अडथळा. नळी घाला. तातडीने हलवा.

“सिस्टर, गाडी बोलवा,” डॉक्टर सौदागर म्हणाले.

सिस्टर निलोफर मुजावर टोपाला कान लावून उभी होती. “सर, ओठ बघा तिचे. चूल पेटवतेय ती.”

“काय?”

“फुंकणी. नाकानं झटकन हवा घ्यायची, ओठ आवळून लांब सोडायची. चौथीपर्यंत रोज ऐकलाय मी हा आवाज. हिच्याच हातची खिचडी खाल्लीये.”

“अहो, चार लाख रुग्णांवरून शिकलाय हा टोप.”

“त्यातल्या कितींनी चूल फुंकलीये?”

डॉक्टर फुलाबाईच्या ओठांकडे वाकले. ओठ आवळून सावकाश सोडलेला श्वास फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटू देत नाही, हे त्यांना पुस्तकाने शिकवलं होतं. फुलाबाईला ओल्या सरपणाने शिकवलं. टोपाला मात्र ती लांब फुंकर म्हणजे अडथळा वाटत होता. तो मध्येच हवा ठोसायचा आणि तिची फुंकर मोडायचा.

“चुकलो तर बाई जाईल, सिस्टर.”

“गाडीत तीन तास आहेत, सर. आणि नळी नको, हे सकाळी शुद्धीत असताना तिनंच सांगितलंय.”

डॉक्टरांनी टोपाचा स्वतःचा हिशेब बंद केला, श्वास सोडायची वेळ हाताने वाढवली. “दहा मिनिटं. प्राणवायू ब्याऐंशीच्या खाली गेला की गाडी.”

निलोफर वाकली. “मावशी, जाळ विझतोय. पोरं ताटं घेऊन बसलीत.”

फुलाबाईचे ओठ आवळले गेले. या वेळी टोप थांबला, तिची फुंकर पुरी होऊ दिली. प्राणवायूचा आकडा चौऱ्याऐंशीवर होता. तिथेच अडून राहिला. मग शहाऐंशी. दहाव्या मिनिटाला एक्क्याण्णव. सौदागरांनी खुर्ची ओढली आणि तिच्या उशाशी बसून राहिले.

सहाव्या दिवशी बरणी उतरली. कंपनीची माणसं फुलाबाईच्या श्वासांची नोंद मागायला आली. पुढच्या टोपांना ही फुंकर शिकवायची होती.

“न्या की,” ती म्हणाली. “हवाच ती.”

घरी जायच्या दिवशी तिने टोपावरून हात फिरवला. “लई उपकार झालं ह्या बरणीचं. आन तुझं, पोरी.”

“तुम्ही मला दोनदा वाढायच्या, मावशी.”

“रडायचीस म्हणून. भूक कुठली तुला.”

निलोफर हसली. फुलाबाईने पदर खोचला. सोमवारी शाळा होती. शाळेला गॅस मंजूर होऊन अकरा वर्षं झाली होती, कागदावर.

दारापर्यंत जाऊन ती परत वळली.

“काय गं निलू, ह्यो टोप घालून चुलीपुढं बसता यील का?”