पंचविसावा बिल्ला

धक्क्यावरच्या आमच्या कचेरीला एकच खिडकी आहे. तिथे बसून मी एकतीस वर्षं शार्कांची कार्डं लावली. निवृत्त झालो तरी किल्ली माझ्याकडेच राहिली. कुणी मागितलीच नाही.

काम साधं होतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्ल्यू उपसागरातले नाखवे गळाला लागलेला निळा शार्क होडीला टेकवत, पाठीवरच्या पराशेजारी नंबराचा बिल्ला टोचत आणि त्याला सोडून देत. सोडल्याचं कार्ड माझ्याकडे येई. पुढे तो कुठे पकडला गेला, तर बिल्लाही येई. किती सोडले, किती आले, किती दिवसांनी आले, यावरून वर्षाला किती मरत असतील ते मी काढायचो. शंभरातले नव्वदहून अधिक कधीच परत येत नाहीत. पण परत आला नाही म्हणजे मेला, असं धरायचं नसतं. नवखे तिथेच चुकतात. माझ्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नव्हता. या नियमावर मात्र होता.

तोच नियम मी बेकरीवाल्या ब्रीजी मोरनला बावीस वर्षं ऐकवत आलो. एथ्ना तिची धाकटी बहीण.

एथ्ना धक्क्यावरची एकटी बाई-नाखवा, आणि डावखुरी. सगळे बिल्ला पराच्या डाव्या बाजूला टोचत, ही उजव्या. समोरासमोर बोलायची मला भीती वाटे, म्हणून पंचवीस बिल्ल्यांची जुडी मी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर दगडाखाली ठेवून द्यायचो. ते संपले की जुडीची दोरी ती त्याच दगडाखाली ठेवायची. म्हणजे नवी जुडी दे. आमचं सगळं बोलणं त्या दगडाखालचं.

एका शुक्रवारी दोरीबरोबर चिठ्ठी होती. ‘उद्या सहाला निघते. येतोस का?’

मी खिडकी बोटभर उघडून म्हणालो, “कार्डं लावायची राहिलीत.”

“अरे कॉलमन, एवढा भित्रा माणूस शार्क कसले मोजतोस!” ती हसली आणि नवी जुडी घेऊन गेली.

शनिवारी समुद्र ताटासारखा सपाट होता. होडी आली नाही. तीही नाही. ते पंचवीस बिल्ले मी ‘न वापरलेले’ म्हणून हिशेबातून वजा केले.

यंदा मार्चमध्ये त्यांतला एक आला.

अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या एका कोळ्यानं पाठवला होता. वाहून गेलेली जुडी कुणाला तरी सापडली असेल, असं मी धरलं. मग त्याचं पत्र वाचलं. बिल्ला पराच्या उजव्या बाजूला होता. त्यावर शेवाळ नव्हतं. जखम आठवड्याभराची असावी.

एप्रिलमध्ये सहा आले, पोर्तुगालवरून. मे-जूनमध्ये अकरा, बिस्केच्या उपसागरातून. जुलैत सहा, आमच्याच दक्षिण किनाऱ्यावरून. सगळे उजव्या बाजूचे. पंचविसांतले चोवीस. मी नकाशावर टाचण्या लावत गेलो. त्या घराकडे येत होत्या.

त्या जुडीची मरणसंख्या काढून पाहिली. शून्याच्या जवळ आली. तीनदा काढली. चूक माझीच असणार, असं वाटत राहिलं. आणि चूक नसावी, असंही.

ऑगस्टमध्ये ब्रीजी आली. हाताला बेकरीचं पीठ तसंच होतं.

“पाथरवट सोमवारी येतोय,” ती म्हणाली. “थडग्यावर तारीख काय घालू?”

“थांब ना जरा.”

“बावीस वर्षं थांबलेय! मी सत्तरीची झाले, कॉलमन. तुझे मासे येतात परत, माझी बहीण नाही येत. तू एकदा ‘गेली’ म्हण. मग मी रडून मोकळी होते.”

“परत आली नाही म्हणजे…”

“तुझा तो नियम चुलीत घाल!” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “तुझं प्रेम होतं तिच्यावर. अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं. तूच तेवढा कार्डं लावत बसलास.”

शुक्रवारपर्यंत सांगतो, म्हणालो.

गुरुवारी दुपारी पॅकी नाखवा आला आणि टेबलावर एक बिल्ला टाकला.

“बंदराच्या तोंडाशीच लागला,” तो म्हणाला. “आज कुणी बाहेर गेलं होतं का रे? रक्त वाहत होतं अजून.”

“कुठल्या बाजूला होता?”

“उजव्या. का?”

नंबर पाहायची गरज नव्हती. तरी पाहिला. पंचविसावा.

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडली. आठवडाभर पाऊस नव्हता. कट्टा कोरडा होता, दगडही.

दगडाखाली दोरी होती. ओली.

दोरीखाली सोडल्याचं एक कार्ड. जात, लांबी, ठिकाण, सगळे रकाने कोरे. फक्त वेळेच्या रकान्यात, डावीकडे कललेल्या अक्षरात: शनिवार, सहा.

येतोस का, हे या वेळी विचारलेलं नव्हतं.

मी नवी जुडी कोटाच्या खिशात घातली आणि ब्रीजीच्या बेकरीत गेलो.

“ठरलं?” तिनं विचारलं.

“तारीख नको घालूस. नुसतं नाव. आणि नावाखाली थोडी जागा सोडायला सांग.”

“केवढी?”

“एका नावापुरती.”

 ब्रीजी माझ्या पायांतल्या, कालच घेतलेल्या नव्या रबरी बुटांकडे बघत होती.