डॉक्टरांचा पेला, कप्तानांची बादली

बागेतल्या कारंज्याला वळसा घालून ती घाईघाईने निघाली होती, आणि वाटेत एक माणूस आडवा पडला होता. पोटावर, कॅमेरा डोळ्याला लावून, अगदी हौसेने. इस्त्रीचा शर्ट ओल्या फरशीवर आणि पाय थेट लोकांच्या रस्त्यात. ती अडखळली, सावरली आणि चार खरमरीत शब्द सुनावायला थांबली. थांबल्यावर तिची नजर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर गेली, आणि सुनावायचं ते राहूनच गेलं.

"कारंजं पडतंय," ती म्हणाली.

त्याने दचकून वर बघितलं. "कुठे?"

"तुमच्या फोटोत. काठाची रेघ बघा की, डावीकडे किती उतरलीय. अजून थोडं तिरकं धरलंत, तर सगळं पाणी तुमच्या बाहीत येईल."

न विचारता मत देणं ही तिची लहानपणापासूनची खोड. त्यापायी तिने घरात बोलणी खाल्ली होती, मैत्रिणी दुखावल्या होत्या, पण जीभ काही आवरत नव्हती. हा माणूस मात्र चिडला नाही. उठून बसला, पडद्याकडे निरखून बघत राहिला आणि "खरंच की" म्हणाला. मग तिच्याकडे बघून असा काही हसला, की आपण कुठे निघालो होतो हे आठवायला तिला जरा वेळच लागला. वाऱ्याबरोबर कारंज्याचे तुषार दोघांच्या अंगावर येत होते आणि दोघांपैकी कोणीच बाजूला सरकत नव्हतं.

"अशी मतं तुम्ही नेहमी देता?" त्याने विचारलं.

"रविवारी सकाळी. मामाच्या दुकानाच्या माडीवर."

"आणि इतर वेळी?"

"इतर वेळीही देते. पण रविवारी लोक स्वतःहून ऐकायला येतात."

पुढच्या रविवारी तो आला. येणारच होता, अशा हसण्यानंतर माणूस घरी बसत नाही.

मामाचं दुकान फोटो छापून देण्याचं. खाली छपाईचं मशीन ती चालवायची, आणि वर माडीवर दर रविवारी हौशी फोटोवाल्यांचा गट जमायचा. त्यात गणिताच्या बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाजाने अजून वर्गावरच असलेल्या. कप्तान होते. त्यांनी आयुष्यात कधी बोट चालवली नव्हती, पण टोपी तशी घालायचे, आणि आपले फोटो घरच्या छोट्या मशीनवर स्वतःच छापायचे. आणखी दहाबारा जण होते. यंदाचा विषय होता पाणी. निवडलेले फोटो वाचनालयाच्या दालनात लागायचे होते.

गटाची पद्धत ठरलेली होती. फोटो कोणाचा हे न सांगता तो लाकडी स्टँडवर ठेवायचा. सगळ्यांनी बोलायचं, ज्याने काढलाय त्याने मात्र अवाक्षर काढायचं नाही. शेवटी ती उठायची आणि काय जमलंय, कुठे बिघडलंय, पुढच्या वेळी काय करून बघावं, ते सांगायची. त्यानंतरच ज्याचा त्याने पुढे होऊन आपला फोटो उचलायचा. प्रत्येक फोटोला ती कुठून तरी बोटभर कापायला सांगायची, म्हणून गटाने तिचं नाव 'कात्री' ठेवलं होतं. तिच्या तोंडून 'छान' निघालं, तर माणूस आठवडाभर तरंगत असे.

नवा सभासद दातांचा डॉक्टर निघाला. त्याचे फोटो ती खाली स्वतःच छापत असल्यामुळे वर स्टँडवर आले की लगेच ओळखायची, आणि छापले नसते तरी ओळखले असते. नळ तिरका, डबकं तिरकं, खिडकीवरचे थेंबसुद्धा उताराला लागलेले. ती अजिबात दयामाया दाखवत नसे. डबक्याच्या फोटोत मुद्दा डबक्याचा आहे की शेजारच्या बुटाचा, हे आधी ठरवा, असं तिने सांगितलं. पाणी हललं की लगेच बटण दाबू नका, वाट बघा, पाणी पुन्हा पुन्हा तेच करतं, असंही सांगितलं. तो तोंड मिटून ऐकायचा आणि मान डोलवायचा. अशी टीका ऐकून इतका खूश होणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

रविवार संपला की दोघांचा बसस्टॉप एकच असायचा. खरं तर त्याचं घर विरुद्ध दिशेला होतं, हे तिला बरंच उशिरा कळलं आणि कळल्यावर तिने ते त्याला सांगितलं नाही. एकदा भुरभुर पाऊस लागला तेव्हा त्याने छत्री उघडून तिच्यावर धरली.

"छत्रीसुद्धा तिरकीच धरता तुम्ही," ती म्हणाली. "माझा खांदा भिजतोय."

"मग थोडं इकडे या."

"छत्री सरळ करा म्हणतेय मी."

"ते मला जमत नाही, तुम्हाला माहितीये," तो म्हणाला, आणि ती हसत हसत छत्रीखाली सरकली. बस आली आणि गेली. पुढची येईपर्यंत तो आपल्या कामाबद्दल बोलत राहिला. दिवसभर लोक त्याच्याशी खोटं बोलायचे. दोन वेळा दात घासतो, गोड खात नाही, सगळं छातीठोकपणे. आणि तोंड उघडलं की आत पुरावा. तोही त्यांना 'अजिबात दुखणार नाही' असं तितक्याच छातीठोकपणे सांगायचा.

"रविवारी एक माणूस तरी मला खरं सांगतो," तो म्हणाला. "म्हणून येतो मी."

"फक्त… म्हणूनच?"

त्याचे कान लाल झाले, आणि ते तिने नीट बघून घेतलं.

निवडीचा रविवार आला तेव्हा वाचनालयाच्या भिंतीवर एकच जागा उरली होती. त्याचा एकही फोटो आजवर निवडला गेला नव्हता. शिवाय त्या आठवड्यात त्याने दुकानात काही छापायलाच दिलं नव्हतं. तो आला तेव्हा हातात काय होतं हेही तिला दिसलं नाही. फोटो जमा करून घेण्याचं काम मामाकडे होतं.

शेवटी दोन फोटो उरले. मामाने पहिला स्टँडवर ठेवला. अंगणातली पाण्याने भरलेली बादली, आणि इतकी तिरकी, की समोर बसलेल्यांनी पाय मागे घ्यावेत. ती पुढे सरकून बसली. हा त्याचाच, दुसरा कोण असं धरतो? गणिताच्या बाईंनी बसल्या जागेवरून कोन मोजला. बाकीच्यांनीही त्या बादलीला धू धू धुतलं. तिने कोपऱ्यात बसलेल्या डॉक्टरकडे पाहिलं, तो मान खाली घालून बसला होता. तिला राहवलं नाही.

"हा तिरकेपणा मुद्दाम आणलाय," ती म्हणाली. "त्यात एक हालचाल आहे. बेफिकिरी आहे. मला वाटतं… हा छान आहे."

कात्रीने छान म्हटलं होतं, आणि तेही असल्या बादलीला.

दुसरा फोटो काचेच्या पेल्याचा होता. ट्रेवर ठेवलेला पाण्याचा पेला, खिडकीतून येणारा उजेड, सगळं जिथल्या तिथे आणि सरळ. त्या एका जागेसाठी हा बादलीच्या आड येणार, एवढंच तिच्या मनात आलं. तिने तो धड बघितलासुद्धा नाही. स्वच्छ आहे पण जीव नाही, भांड्यांच्या दुकानाची जाहिरात वाटते, असं म्हणून ती खाली बसली. काय सुधारावं हेही तिने सांगितलं नाही. असं ती याआधी कधीच वागली नव्हती.

मग फोटो उचलायची वेळ झाली. कप्तान उठले, टोपी सारखी केली आणि अभिमानाने बादली काखोटीला मारली. आणि कोपऱ्यातून उठून डॉक्टर आला तो पेल्यापाशी.

गणिताच्या बाईंनी बादलीकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि चष्मा काढून हातात घेतला. "अच्छा," त्या म्हणाल्या. उत्तर सगळ्या वर्गाला कळलं होतं. मामाला खोकल्याची उबळ आली आणि निवड पुढच्या रविवारवर गेली. तिला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

डॉक्टर फोटो टेबलावरच ठेवून निघाला. तिने जिन्यात त्याला गाठलं.

"ऐका ना… मला वाटलं, बादली तुमची आहे."

"कळलं ते." तो पायरीवर थांबला. "तुम्ही ओळखू नये म्हणून मुद्दाम दुसरीकडून छापून आणला होता. मला खरं ऐकायचं होतं. आणि बादली माझी असती तर? मी खूश होऊन घरी गेलो असतो."

आवाज चढला असता तर तिने भांडून घेतलं असतं. पण तो शांतपणे जिना उतरून गेला आणि ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या तिने पेल्याचा फोटो खिडकीपाशी नेला आणि आता कुठे तो बघितला. पेल्यातलं पाणी स्थिर नव्हतं. त्यावर बारीक वर्तुळं उठली होती. आणि फोटोच्या उजव्या कडेला दवाखान्यातल्या खुर्चीचा हात, त्यावर घट्ट आवळलेली कोणाची तरी बोटं. खुर्चीतलं माणूस घाबरून थरथरत होतं, आणि ती थरथर खुर्चीला जोडलेल्या ट्रेमधून पाण्यापर्यंत पोचली होती. नेमकी ती वर्तुळं उठेपर्यंत तो थांबला होता. तिने सांगितलं होतं तसाच.

तिने फोन उचलला आणि परत ठेवला. फोटो खरंच चांगला आहे, की त्याचा आहे म्हणून चांगला दिसतोय? तिने सकाळी बघितला, दुपारी बघितला, लांब धरून बघितला. काही केल्या कळेना. जन्मभर जिला एका नजरेत कळायचं, तिची नजरच आता भरवशाची राहिली नव्हती. आणि डॉक्टरला तर ती नजरच हवी होती. हे कळलं तेव्हा तिला रडू आलं.

मामाने चहाचा कप पुढे सरकवला. "मशीनचा रंग बिघडला तर आपण मशीनला विचारतो का, पोरी? दुसऱ्याला बोलावतो बघायला." एवढं बोलून तो गिऱ्हाईकाकडे वळला.

रविवारी डॉक्टरला आणायची कामगिरी तिने गणिताच्या बाईंवर सोपवली. बाई त्याच्या दवाखान्यात गेल्या, दाढ दाखवून घेतली आणि त्यालाच बरोबर घेऊन आल्या. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. ती उठली आणि आधी बादली स्टँडवर ठेवली.

कप्तानांची तिने माफी मागितली. बादली तिरकी आहे कारण हात तिरका होता, हे स्पष्ट सांगितलं. पण पाण्यात उतरलेलं आकाश सुरेख आलंय. फोटो सरळ करा, खालून बोटभर कापा, म्हणजे नजर आधी तिथेच जाईल, असंही सांगितलं. कप्तानांचा चेहरा जरा उतरला. तरीच घरी बायको आठवडाभर हसतेय, असं ते म्हणाले आणि त्यांनी सुधारणा मान्य केली.

मग तिने पेला ठेवला.

"या फोटोवर मी मत देणार नाही," ती म्हणाली.

"का गं?" मामाने विचारलं.

"कारण ज्यांनी हा काढलाय, ते मला आवडतात. खूप… पहिल्या दिवसापासून. त्यामुळे त्यांच्या फोटोंबद्दल मी काहीही बोलले तरी कोणी विश्वास ठेवू नका. त्यांनी तर नाहीच नाही. एवढंच एक खरं आता मला त्यांना सांगता येतंय." आणि ती बसली.

डॉक्टर उठला. पद्धतीप्रमाणे त्याने गप्प बसायला हवं होतं, पण पद्धत कोणाच्या लक्षात होती? तो सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापर्यंत आला आणि शेजारी बसला.

"चुका दाखवणारं मला दुसरं कोणी मिळेल," तो हळू आवाजात म्हणाला. "मला आवडणारं… दुसरं मिळणार नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, आणि या वेळी तिचेही.

"झालं?" गणिताच्या बाईंनी चष्मा चढवला. "मग आता फोटोकडे बघू या." त्यांनी वर्तुळांना शाबासकी दिली, उजेडाला दिली, आणि मग पट्टी घेऊन उजव्या कडेपाशी थांबल्या. बोटं अर्धवट कापली गेली होती. फोटोतली भीती सगळी त्या बोटांत आहे, ती पूर्ण यायला हवीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. बोटं कोणाची, असं त्यांनी विचारलं. माझ्या आईची, डॉक्टर म्हणाला. पोटचा मुलगा दात बघतोय तरी घाबरते. सगळे हसले, बाई सोडून. त्यांनी फोटो परत दिला आणि पुन्हा काढून आणायला सांगितलं. भिंतीवरची जागा कप्तानांच्या सरळ केलेल्या बादलीला मिळाली.

डॉक्टरच्या चेहऱ्यावर नापास झाल्याचं काही दुःख दिसत नव्हतं. त्याने फोटो मांडीवर ठेवला.

"आईंना परत त्या खुर्चीत कसं बसवणार?" तिने कुजबुजत विचारलं.

"तुम्ही या ना. शेजारी बसा. तुमच्याशी बोलता बोलता ती घाबरायचं विसरून जाईल."

"मग पाणी हलणारच नाही," ती म्हणाली. "फोटो बिघडेल तुमचा."

"बिघडू दे," तो म्हणाला.