गाडीचं माहेर

पाथरवाडीत नवी गाडी आली, की तिची परीक्षा रुमालाने व्हायची. सरपंच सोनाबाई धुराच्या नळीपाशी पांढराशुभ्र रुमाल धरायच्या. रुमाल जितका पांढरा, तितकी गाडी गुणाची. या परीक्षेबद्दल आजवर कोणी शंका घेतली नव्हती. सोनाबाईंपुढे शंका काढायची टाप होती कोणाची?

यंदा दसऱ्याला शाळेसाठी गाडी निवडायची होती. पटांगणात दोन टेम्पो उभे होते. एक मृण्मयीचा, हायड्रोजनवर चालणारा. सातवीतल्या मृण्मयीने आणि तिच्या बाबांनी उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्या जुन्या टेम्पोचं रूप पालटण्यात घालवली होती. दुसरा तिच्याच वर्गातल्या सिद्रामच्या घरचा, गोठ्यातल्या शेणाच्या गॅसवर चालणारा. ज्याला झेंडूचा हार पडेल, तो शाळेचा.

मृण्मयीच्या टेम्पोचा रुमाल ओला झाला, पण पांढराच राहिला, कारण नळीतून नुसती पाण्याची वाफ येत होती. सिद्रामच्या रुमालावर मात्र पिवळट डाग पडला, वर वासही आला. पोरं नाक दाबून हसली. सिद्राम मान खाली घालून उभा राहिला.

"ठरलं की मग," सोनाबाई म्हणाल्या. "आरती झाली की पोरीच्या गाडीला हार घालू."

मृण्मयीला आभाळ ठेंगणं झालं. ती धावत अरुंधतीआत्याकडे गेली. आत्या हवेचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. सणाला माहेरी आली होती, आणि सोबत तिचा यंत्रमानव डोळसही आला होता.

"आत्या, माझ्या गाडीतून काहीच घाण निघत नाही."

"गाडीतून नाही निघत, हे खरं," आत्या म्हणाली. "पण घरात नवी सून आली की बायका आधी काय विचारतात? माहेर कुठलं. मग इंधनालाच ते कोणी का विचारत नाही?"

डोळसने आपला चष्मा काढून मृण्मयीच्या डोळ्यांवर चढवला. कार्बन डायऑक्साइड हा हरितगृह वायू (उष्णता धरून ठेवून पृथ्वीला तापवणारा वायू) आपल्याला दिसत नाही. डोळसला दिसतो, कारण त्याला अवरक्त किरण (उष्णतेचे अदृश्य किरण) कळतात; त्याच्या चष्म्यातून तो वायू तांबडा दिसायचा. डोंगरापलीकडचं तो उपग्रहांकडून मागवून घेतो.

मृण्मयीने आधी आपल्या टेम्पोकडे पाहिलं. नळीपाशी काहीच नव्हतं. तेवढ्यात डोळसने तिचे खांदे धरून तिला पूर्वेकडे वळवलं.

डोंगरामागून एक तांबडा खांब आभाळात चढत होता. एवढा उंच, की त्याचं टोक शोधताना तिची मान दुखली.

"ते कोळशाचं वीजकेंद्र," डोळस म्हणाला. "तुझा हायड्रोजन ज्या कारखान्यातून येतो, तिथे विद्युत-अपघटन (विजेने पाण्यातले दोन वायू वेगळे करणं) करतात. त्याला लागणारी वीज या केंद्रातून येते. त्या खांबातला तुझ्या टेम्पोचा वाटा दाखवू?"

त्याने एक जाड तांबडा दोर वेगळा काढून दाखवला. शेजारी, तेवढ्याच अंतरासाठी डिझेलच्या टेम्पोचा दोर होता. तो बारीक होता.

"डिझेलपेक्षा जास्त?" मृण्मयीने विचारलं.

"विजेचा हायड्रोजन करताना आणि टेम्पोत त्याची पुन्हा वीज करताना निम्म्याहून जास्त वीज वाया जाते," आत्या म्हणाली. "तीच वीज सरळ बॅटरीत भरली असती, तर वाटा बराच कमी झाला असता. आता सिद्रामकडे बघ."

त्याच्या नळीतून तांबडा धूर निघतच होता. पण समोरच्या माळावर गवताच्या पात्यापात्यात हवेतले तांबडे कण शिरत होते. अख्खा माळ गुपचूप हवा पीत होता. आजपर्यंत ती त्याच गवतावरून धावत शाळेत गेली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"हवेतून गवतात, गवतातून गाईत, शेणातून टेम्पोत आणि परत हवेत," आत्या हळूच म्हणाली. "उसनं घेतलं, परत दिलं. कोळसा मात्र कोट्यवधी वर्षं पुरलेला. तो जाळला की हवेत नवीन भर पडते."

शेजारच्या उघड्या उकिरड्यावरून जांभळे लोट उठत होते. तो मिथेन (शेण कुजताना निघणारा, कितीतरी जास्त तापवणारा वायू). सिद्रामच्या टाकीत तो कोंडला होता. एका नळीच्या जोडातून तेवढा बारीक जांभळा धागा सुटत होता.

"उगमापासून चाकापर्यंत सगळं मोजायचं, त्याला जीवनचक्र उत्सर्जन म्हणतात," आत्या म्हणाली.

मृण्मयीने चष्मा काढला. सगळं गुडूप झालं. निळं आभाळ, हिरवं गवत, पांढरा रुमाल. ती गप्प बसली असती, तर कोणाला काही कळलं नसतं. आत्या आणि डोळस तिच्याकडे बघत होते. तिला रडू आलं. सुट्टीभर काळे झालेले बाबांचे हात आठवले.

आरती संपली. सोनाबाईंनी हार उचलला, तेव्हा मृण्मयी पुढे झाली, तो त्यांच्या हातातून घेतला आणि सिद्रामच्या टेम्पोला घातला.

"तुझा तो जोड आवळून घे, गॅस सुटतोय," ती त्याला म्हणाली. मग तिने सोनाबाईंच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

सोनाबाई बराच वेळ पूर्वेकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी रुमालाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

पुढच्या दसऱ्याला मृण्मयीचा टेम्पो पुन्हा पटांगणात आला. सोनाबाई नळीकडे फिरकल्याही नाहीत.

"पोरी, हिचं माहेर कुठलं गं?"

मृण्मयीने शाळेच्या छपरावरच्या नव्या सौरपट्ट्यांकडे बोट केलं, आणि मग तेच बोट आणखी वर, सूर्याकडे नेलं.