काढलेली तपासणी

नांदेडहून सकाळच्या एसटीने मंजुषा लातूरला उतरली तेव्हा साडेनऊ वाजले होते. एमआयडीसीतल्या त्या डाळमिलमध्ये तूरडाळ निवडणारं यंत्र होतं. डाळ पट्ट्यावरून कॅमेऱ्याखाली सरकायची, आणि खडा किंवा काळा दाणा दिसला की हवेच्या फुंकरीने बाजूला उडायचा. यंत्राचा प्रोग्राम मंजुषाने लिहिलेला.

"आठ दिवस झाले, लई हळू चालायलंय, ताई," मॅनेजर संगप्पा म्हणाले. पट्ट्याकडे बघायचं ते टाळत होते.

तिने लॅपटॉप जोडला. प्रोसेसरच्या आतच काही काउंटर असतात. प्रोग्राममध्ये काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. प्रोसेसरने प्रत्यक्ष किती आज्ञा पाळल्या, कुठल्या तुकड्यात किती वेळ घालवला, तेवढं ते मोजतात.

फेब्रुवारीतही तिने हेच आकडे पाहिले होते. तेव्हा तिसरा हिस्सा वेळ एकाच तपासणीत जात होता: पट्ट्यावर माणसाचा हात दिसला तर पट्टा थांबवायचा. वर जाळी आहेच की, असं म्हणून तिने ती तपासणी काढून टाकली. यंत्र झपाट्याने चालू लागलं.

एप्रिलमध्ये तुंबलेली डाळ मोकळी करायला लक्ष्मम्माने जाळी उचलून हात घातला. निलंग्याकडची, बारा वर्षं मिलमध्ये राबलेली बाई. पट्टा थांबला नाही. बाराव्या दिवशी ती दवाखान्यातच वारली. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. लिहिलं जात असताना मंजुषा त्याच खोलीत बसली होती. तपासणी काढल्याचं तिने सांगितलं नव्हतं.

आता पडद्यावर पहिल्याच ओळीत त्या तपासणीचं नाव होतं. तिसरा हिस्सा वेळ.

चुकून जुना प्रोग्राम बसला असेल, असं तिला वाटलं. तिने सगळं पुसून नवा चढवला. त्यात ते नाव कुठेच नाही, हे दोनदा शोधून पाहिलं.

आकडे तेच आले. 'हात दिसला' याच्यापुढची संख्या वाढत होती. कॅमेऱ्याच्या चित्रात नुसती पिवळी डाळ वाहत होती.

"जाळीपाशी कुणी उभं आहे का?"

"कोण उभं राहणार? बाया तिकडून जात बी न्हाईत." संगप्पा जाळीकडे न बघताच म्हणाले.

 मंजुषाने जुनी तपासणी प्रोग्राममध्ये परत घातली आणि यंत्र सुरू केलं.

पट्टा हललाच नाही.

"आता काय झालं?"

"त्याला हात दिसतोय." मंजुषा म्हणाली. "काका, ही तपासणी आधी होती. मी काढली होती. लक्ष्मम्माची चूक नव्हती."

संगप्पांनी टोपी काढली. "हे तवाच सांगायचं होतं, ताई," ते हळूच म्हणाले.

"हो."

ती उठली. जाळी उचलली आणि डाळीत हात घातला.

डाळ गार होती. मधोमध तळहाताएवढी जागा मात्र कोमट लागली.

तिने हात बाहेर काढला, जाळी लावली आणि वाट बघत उभी राहिली.

पट्टा सुरू झाला नाही.