पहिल्या रांगेतलं रक्त

अमेरिकेतल्या ड्यूलूथ गावच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं रक्त वाचलं. रक्तातलं पिवळसर पाणी ओल्या फितीवर ठेवायचं, वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वेगानं पळतात आणि रंग दिला की पाच पट्टे उमटतात. शेवटच्या पट्ट्यात सुरीनं ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली, तर बहुधा हाडांच्या मज्जेत कर्करोग.

ताडून पाहायला पहिल्या रांगेत निरोगी रक्त लागे. त्या काळी ते कर्मचाऱ्यांपैकीच कुणाचं तरी घेत. आमच्याकडे माझं. दर सोमवारी माझ्याबरोबर काम करणारी हेल्मी माकी माझ्या दंडात सुई खुपसायची.

"आले आमचे नॉर्मल! लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, मांजरसुद्धा नाही. रोग तरी कुठून येणार रे तुला?"

हेल्मीला तीन मुलं. नवरा खनिजाच्या बोटीवर. सोमवारी ती घरचा वेलचीपाव आणायची आणि त्यातला अर्धा मी खायचो.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत, गावालगतचं सरोवर गोठलेलं असताना, पहिल्या रांगेत रेघ उमटली. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा रेघ.

घाबरलो, हे कबूल. पण भिंतीवर 'नॉर्मल : ओर्विल' अशी पाटी होती, ती उतरणार, याचंच जास्त वाईट वाटलं. शीतपेटीत हेल्मीच्या वार्षिक तपासणीतली उरलेली नळी होती. तिच्यावरची चिठ्ठी सोलून मी माझी चिकटवली. एका सोमवारपुरती.

फीत स्वच्छ आली.

पुढल्या सोमवारी धीर करून माझं खरं रक्त लावलं. तेही स्वच्छ! मी चक्क शीळ घातली.

हेल्मीच्या नळीत थेंबभर उरलं होतं. सहज लावलं.

रेघ. त्याच जागी. तेवढीच बारीक.

सांगायला हवं होतं. पण मग तिचं रक्त मी कशाला चोरलं, हेही सांगावं लागलं असतं. मी नळी कचऱ्यात टाकली.

मे महिन्यात हेल्मी कमरेवर हात ठेवून चालू लागली.

"तुझ्या दंडावर वाकून वाकून झालंय हे, ओर्विल!"

"जरा आराम कर," मी म्हणालो. तोंडात पाव होता.

ऑक्टोबरात तिची तपासणी झाली. फीत मीच वाचली. पहिल्या रांगेत मी, दुसरीत ती. डॉक्टर म्हणाले, वसंतात कळतं तर काही वर्षं हाती लागली असती.

दफनाच्या दिवशी थोरल्या मुलीनं माझ्या हातात वेलचीपाव ठेवला. "आईनं सांगून ठेवलं होतं, ओर्विलला विसरू नका."

तो मी खाल्ला.

निवृत्तीनंतर एकदा चर्चच्या तळघरात रक्तदान केलं. आठवड्यानं तिथल्या नर्सचा फोन आला.

"आजोबा, रक्त झकास आहे हं तुमचं! फक्त त्यात काही प्रथिनं निघालीत, ती बाळंत झालेल्या बायकांच्या रक्तात असतात. यंत्राचं काहीतरी बिनसलं असणार." ती हसली. "बरं, गंमत म्हणून विचारते, मुलं किती झाली तुम्हाला?"

"तीन," मी म्हणालो.