डाव्या हाताची जागा

मी मशीनची पॅनेल आखते. कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, न बघताही हाताला कसं ओळखू यावं, हे ठरवणं माझं काम. बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, यात काय एवढं, चार बटणं तर लावायची. पूर्वी मलाही जवळपास तसंच वाटायचं.

माझं तिसरं की चौथं पॅनेल एका कागद गिरणीसाठी होतं. दोन जाडजूड रूळ एकमेकांवर फिरायचे आणि मधून ओलसर कागद जायचा. ते मशीन चालवणाऱ्यांना सगळी गिरणी मामा म्हणायची. पन्नाशीचे, बोलायला मऊ, कानात कायम कापसाचे बोळे. मी आराखडा दाखवला तेव्हा त्यांनी बोळे काढले, चष्मा लावला आणि बराच वेळ तो कागद बघत राहिले.

"ताई, बाकी झकास आहे. फक्त थांबवायचं बटण डावीकडे द्या. माझा उजवा हात सारखा कागदावर असतो."

मी सगळी बटणं उजवीकडे एका ओळीत घेतली होती. एकाच मापाची, एकाच रंगाची. डावी बाजू मोकळी होती, दिसायला बरी म्हणून. शिवाय आराखडा मंजूर होऊन आला होता. पुन्हा कोण सह्या गोळा करत बसणार?

"सवय होईल, मामा," मी म्हणाले.

"होईल की," ते म्हणाले आणि बोळे परत कानात घातले.

अकरा महिन्यांनी त्यांची उजवी बाही रुळांत गेली. पलीकडच्या टोकाचा माणूस धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत उशीर झाला होता. मामा गेले.

चौकशीला मला बोलावलं. फोटो दाखवले. पॅनेलच्या डाव्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, पत्र्यावर तळव्याचे ठसे होते. एकावर एक, बरेच. मला विचारलं, थांबवायचं बटण चालू होतं का? होतं. हात पोचेल अशा अंतरावर होतं का? होतं. मी खोटं काही बोलले नाही. त्या ठशांबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. अहवालात 'कामगाराची चूक' असं आलं. त्याखाली माझी सही आहे. मामींना भेटायला म्हणून दोनदा घरातून निघाले. दोन्ही वेळा बस आली, गेली, आणि मी घरी परतले.

गेल्या वर्षी एका मोठ्या धुलाई केंद्राचं काम आलं. चादरी वाळवून इस्त्री करणारं रुळांचं मशीन. आता मी शहाणी झाले होते. थांबवायचं बटण लालभडक आणि बरोबर मध्यभागी. त्याची टोपी छत्रीएवढी आहे म्हणून आमचा वायरमन माझी चेष्टा करायचा. कुठल्याही हाताने दाबा. पुठ्ठ्याचं पॅनेल करून ऑफिसच्या मागच्या खोलीत टांगलं आणि केंद्रातल्या कामगारांना एकेक करून बोलावलं. मी "थांबवा" म्हटलं की त्यांनी थांबवायचं, एवढीच चाचणी.

पहिल्या माणसाने डावा तळवा पुठ्ठ्याच्या कोऱ्या जागेवर ठेवला.

"तिथे का ठेवलात?" मी विचारलं.

"काय?"

"हात."

त्याने हाताकडे पाहिलं, ओशाळून हसला आणि लाल बटण दाबलं. दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्याच्या डाव्या हातात पिशवी होती. त्याने ती खाली ठेवली, मग तोच हात त्याच जागी टेकवला. उजवा हात रिकामाच होता.

मी खडूने खूण केली. दुपारपर्यंत नऊ जण झाले आणि खूण एका बोटानेही सरकली नाही. दुसऱ्या दिवशी मी पॅनेल वीतभर वर टांगलं, तर सगळ्यांचे हात वीतभर वर गेले. तिसऱ्या दिवशी कोणालाच बोलावलं नव्हतं. संध्याकाळी खोली बंद करायला गेले तर त्या जागी पुठ्ठा आत दबला होता, आणि स्पर्शाला किंचित ओलसर लागला.

मी कोणाला काही सांगितलं नाही. नवा आराखडा काढला. थांबवायचं दुसरं बटण, डावीकडे, खडूच्या खुणेवर. एवढंच तर करायचं होतं तेव्हा. एक रेघ.

खरं पॅनेल तयार होऊन आलं. वायरमनने ते चाचणीच्या मशीनला जोडलं आणि सुरूचं बटण दाबलं. रूळ हलले नाहीत.

"डावं बटण आत आहे," तो म्हणाला. "कोणी दाबलं?"

कोणीच दाबलं नव्हतं. त्याने ते पॅनेलमधून काढलं. स्प्रिंग ठणठणीत होती, टेबलावर बटण टकाटक वरखाली होत होतं. परत बसवलं आणि आमच्या डोळ्यांदेखत ते आत गेलं.

त्याने तीन बटणं बदलली. तिसऱ्याला त्याचे विनोद संपले. जेवायची वेळ झाली असं म्हणून तो बाहेर गेला, तेव्हा साडेदहासुद्धा वाजले नव्हते.

खोलीत कोणी नव्हतं. मी पॅनेलपाशी गेले आणि जे चौकशीत बोलायचं होतं ते सगळं बोलले. चूक तुमची नव्हती, मामा. माझी होती. अहवाल बदलून मागते. मामींना जाऊन सांगते.

बटण आतच राहिलं.

दाराशी पावलं वाजली. धुलाई केंद्रातल्या सगळ्यात जुन्या बाई चाचणीसाठी आल्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आज मशीन बंद आहे. बटण अडकलंय."

त्या जवळ आल्या. वाकून बटण पाहिलं, मग न फिरणारे रूळ पाहिले. बटणावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बराच वेळ.

"अडकलेलं नाही हे," त्या हळूच म्हणाल्या. "दाबून धरलंय. आमच्याकडे एकीचा पदर गेला होता रुळात, तेव्हा तिनेही असंच धरलं होतं. मशीन कधीच बंद झालं होतं, तरी सोडेना. मशीन थांबलंय हे अशा वेळी माणसाला कळत नाही हो. दिवा नाही, आवाज नाही. कोणीतरी सांगावं लागतं."

मग त्या पॅनेलकडे तोंड करून, घरातल्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "सोडा आता. थांबलंय मशीन."

त्यांनी आपला हात काढून घेतला.

बटण वर आलं. एकदम नाही. हळूहळू, एकेक बोट उचलावं तसं.