पदराच्या गाठीतली वीज

सांगितलं तर कुणाचाच विश्वास बसणार नाही, तरी सांगते — या सोलापुरात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातली सगळी वीज एक अख्खी दुपार माझ्या पदराच्या गाठीत होती. हसा, बायांनो. शेंगा सोलता सोलता हसा, फक्त टरफलं माझ्या अंगावर उडवू नका. तुम्ही या गल्लीत नव्या, तुम्हाला काय ठाऊक! ही काशम्मा बघा, माझी तेव्हापासूनची मैत्रीण. उखळात चटणी कुटतेय, एका शब्दानं अडवत नाही. म्हणजे खरंच असणार की!

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. माझे अप्पा गिरणीच्या साहेबाकडे माळी. साहेबानं विलायतेहून गवत कापायचं यंत्र आणलं, विजेवर चालणारं. काय त्याचा आवाज! सुरू झालं की सिद्धेश्वराच्या तळ्यातले मासे डोकी वर काढून बघायचे. मागे शेपटीसारखी लांब वायर, ती थेट व्हरांड्यातल्या बोर्डात गेलेली. एकदा यंत्राचं पातं त्या वायरीवरच चढलं. अप्पांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, धोतराची चिंधी फाडली आणि बांधायला बसले. ओलं गवत, अनवाणी पाय... आणि कुणीतरी बटण दाबलं. कुणी, ते बंगल्यात कुणीच सांगितलं नाही.

अप्पा गेले. बागेतल्या खोलीत मी आणि माझी अव्वा — आई — दोघीच उरलो. चैत्रात बटलर रामहरी दारात येऊन म्हणाला, "रविवारी साहेबाकडं पाहुणे हायत. यंत्रानं गवत काप, न्हायतर खोली सोड."

मी यंत्रावरचं पोतं बाजूला केलं. वायरीवर अप्पांची चिंधी तशीच होती... गाठही त्यांच्याच हातची. मी हात पुढे केला —

"हात लावू नगा!"

मागे एक उंच, सावळा माणूस, खांद्याला हत्यारांची पिशवी. गिरणीचा वायरमन, धुळाप्पा, यंत्र दुरुस्त करायला आलेला. सांगोल्याकडच्या धनगराचा मुलगा.

"का? चावती का वायर?" मी म्हटलं.

"चावती की. आन एकदाच चावती."

मी हात मागे घेतला. मग त्याच्याही ध्यानात आलं, आपण कुणाच्या मुलीशी बोलतोय ते. त्यानं मान खाली घातली, आणि मला त्याच्या पापण्या दिसल्या... कोकराच्या असतात ना, अगदी तशा.

त्यानं बोर्डातून चिनीमातीचा फ्यूज उपटला. बंगल्यातले पंखे थांबले.

"पदर पुढं करा."

"इश्श — मी का?"

"बटण कुनीबी दाबतं. फ्यूज तुमच्यापाशी असला तर दाबून उपेग न्हाय. ह्यो गाठीत हाय तवर मी जित्ता."

"आणि माझ्या हातनं हरवला तर?"

"हरवला तर चालंल. गाठ तेवढी कुनाला सोडू देऊ नगा."

सगळी वायर त्यानं बोटांनी चाचपत आणली, आणि चिंधीपाशी चाकू काढला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती राहू द्या... वरून पट्टी गुंडाळा."

"माणसाच्या जखमंला पट्टी चालती, बाई. वायरीला न्हाय. खराब तेवढं समदं कापून टाकाय लागतं."

यंत्रापासून हातभर वायर, चिंधीसकट, त्यानं कापली. चिंधी सोडवून माझ्या हातात ठेवली. उरलेल्या वायरीची टोकं सोलली. "दोन तारा विजेच्या. ही तिसरी यंत्राच्या अंगाला. मागं कुनीतरी तोडून टाकली हुती. यंत्रात चुकून वीज उतरली तर हिच्यातनं जमिनीत जाती... माणसातनं न्हाय."

उघडं तांबं त्याच्या बोटांत असतानाच रामहरी आला. "ए पोरी, मडमबाई घामानं भिजल्यात. फ्यूज आण."

"काम झाल्यावर."

"आत्ता आण! न्हायतर सांजच्याला तुमचं बिऱ्हाड रस्त्यावर."

अव्वा खोलीच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चिंधीकडे. मी गाठ मुठीत आवळली. "घ्या सोडून, हिंमत असली तर."

तरण्या मुलीच्या पदराला हात घालायची त्याची छाती झाली नाही. पाय आपटत गेला.

धुळाप्पानं स्क्रू आवळले, वायर यंत्रावरच्या लोखंडी पट्टीखाली घट्ट दाबली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही. मग माझ्यासमोर हात पसरला. "द्या."

"नाही दिला तर?"

"मग बंगला अंधारात. मी हितंच बसतो."

"बसा की."

तो हसला... मग एकदम हळू म्हणाला, "हितनं पुढं खांबावर चढायच्या आदी फ्यूज तुमच्याकडंच दीत जाईन."

"म्हणजे मी सगळ्या सोलापुरात पदर सांभाळत तुमच्यामागं फिरू?"

"फिरा की... जल्मभर."

मी गाठ सोडली. त्याच्या तळहातावर फ्यूज ठेवला, आणि बोटं तिथेच राहिली, जरा जास्तच. वीज बंद होती बरं का, नंतर म्हणाल शॉक बसला!

यंत्र चाललं. गवत कापलं गेलं. आणि संध्याकाळी रामहरीनं आमची भांडी खरंच बाहेर फेकली.

मग? मग काय, लग्न! जातपात कुणी विचारली नाही. सांगोल्याहून हजार मेंढरं वऱ्हाडी आली, प्रत्येकाच्या गळ्यात विजेचा दिवा पेटलेला. साहेबानं अव्वाचे पाय धरले. धुळाप्पानं मांडवात सगळ्यांदेखत फ्यूज माझ्या पदरात बांधला, आणि पुढं चाळीस वर्षं —

उखळातला आवाज थांबला.

"सुळ्ळ, जगू. खोटं," काशम्मा म्हणाली. मुसळ तिनं तसंच उभं धरलं होतं. "तळ्यातले मासे सोडले तुला. मेंढरांच्या गळ्यातले दिवेबी सोडले. पर लगीन न्हाय सोडायची. लगीन झालंच न्हाय. बिऱ्हाड फेकलं तशी तुमी मायलेकी अक्कलकोटाला मामाकडं गेलात, आन त्याच आठवड्यात तो गिरणीच्या खांबावर मेला. बटण बंद हुतं म्हनं... फ्यूज तेवढा कुणाच्या पदरात नव्हता."